रिंगणात घोडा पाय ओढतो, नवा स्वार कंटाळतो: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

शिकवणीला येणाऱ्या नव्या स्वारांकडून मी एक तक्रार सतत ऐकते. पहिली दहा मिनिटं छान जातात, मग घोडा मंदावतो. टाच मारली तरी ऐकत नाही, आणि वर बसलेल्यालाही पुढे काय करावं ते सुचत नाही. दोघं कुंपणाच्या कडेकडेने फेऱ्या मारत राहतात. काही आठवड्यांत स्वार म्हणतो, ‘हा घोडा आळशी आहे.’ घोडा मात्र रिंगणाचं फाटक दिसलं की कान मागे टाकतो.

ही तक्रार मी पुष्कळदा सोडवली आहे. कारणं थोडी असतात आणि तीच ती असतात. ती सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चिकाकडे अशी तपासत गेलं, तर बहुतेकांना शेवटापर्यंत जावंच लागत नाही.

आधी लक्षणं नीट बघा

घोड्यात यांपैकी काही दिसतं का?

- फाटकाच्या दिशेने जाताना वेग वाढतो, फाटकापासून दूर जाताना पाय ओढतो.
- गोल काढताना फाटकाच्या बाजूला गोल फुगतो, समोरच्या बाजूला आकसतो.
- प्रत्येक कोपरा कापतो.
- चालत राहण्यासाठी पावलागणिक टाच लागते.
- तुम्ही सांगायच्या आधीच ठरावीक जागी ट्रॉट (दुडकी चाल) धरतो किंवा थांबतो.
- रोज साधारण त्याच वेळी, म्हणजे सत्राच्या शेवटाकडे, डोकं झटकायला लागतो.

आणि स्वारात?

- नजर घोड्याच्या मानेवर खिळलेली असते.
- एकाच दिशेने जास्त फेऱ्या होतात, कारण ती बाजू सोपी वाटते.
- हात लगामाला लटकलेले, खांदे वर चढलेले, श्वास रोखलेला.
- ‘आता काय करू?’ हा प्रश्न दर दोन मिनिटांनी.

दोन्ही याद्यांतली निम्मी लक्षणं जुळली, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पण लक्षण अचानक आलं असेल, म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत छान चालणारा घोडा आज पुढे यायलाच तयार नसेल, तर मधलं सगळं सोडा आणि शेवटच्या भागाकडे जा. कंटाळा हळूहळू चढतो. एका दिवसात आलेल्या बदलामागे बहुधा दुखणं असतं.

माझं म्हणणं आधीच सांगते. कुंपणाच्या कडेने फिरताना दिशा कुंपण ठरवतं आणि वेग घोडा ठरवतो. स्वाराने काही मागितलेलंच नसतं, त्यामुळे घोड्याला उत्तर द्यायचा आणि त्याबद्दल सुटका मिळवायचा प्रसंगच येत नाही. दहा मिनिटं कुणी काही विचारलंच नाही, तर ऐकायचं कशाला? म्हणून खालचे सगळे उपाय एकाच दिशेने जातात: छोटं काम, स्पष्ट मागणी, उत्तर मिळताच लगेच सूट.

बसण्यापूर्वीची पाच मिनिटं

याला पैसा लागत नाही आणि हे रोज करायचं आहे. खरारा झाला की तळहाताने मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत पाठीच्या दोन्ही बाजूंनी सावकाश, सारख्या दाबाने हात फिरवा. एखाद्या जागी पाठ खाली दबते, कातडी थरथरते किंवा घोडा वळून बघतो का? चारही पायांवरून हात खाली न्या. दोन्ही बाजूंच्या पायांची तुलना करा. एक पाय गरम किंवा सुजलेला असला की हाताला लगेच कळतं. चारही खूर साफ करा. खुराच्या तळाशी असलेल्या मऊ त्रिकोणी भागाच्या खाचेत अडकलेला खडा किंवा तिथून येणारी कुजकी दुर्गंधी, दोन्ही पाय ओढायची कारणं आहेत.

मग कुणाला तरी घोडा कडक, सपाट जमिनीवर हाताने धरून सरळ ट्रॉट करवायला सांगा आणि डोक्याकडे बघा. पुढचा पाय दुखत असेल, तर तो पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. असं डोकं वरखाली होताना दिसलं, तर आज स्वारी नाही. घोडा आत न्या आणि पशुवैद्याला फोन करा.

ही तपासणी सगळ्यात आधी घेण्याचं कारण सरळ आहे. दुखणाऱ्या घोड्याला ‘कंटाळलाय’ समजून नवनवे व्यायाम दिले, तर दुखणं वाढतं आणि तो माणसावर विश्वास ठेवणं सोडतो.

पावलांचे ठसे वाचा

मला सगळ्यात आवडणारी तपासणी हीच. रिंगणातली वाळू किंवा माती दाताळ्याने सपाट करून घ्या. नेहमीसारखी पंधरा मिनिटं स्वारी करा. मग उतरा, घोडा कुणाच्या तरी हाती द्या आणि चालत जाऊन ठसे बघा.

बहुतेक वेळा दिसतं ते असं. कुंपणालगत हातभर रुंदीचा एक पट्टा तुडवला गेलेला असतो आणि मधली सगळी जागा दाताळ्याच्या रेघांसकट तशीच कोरी असते. कोपऱ्यांत ठसे आतून वळतात. फाटकासमोर ते बाहेरच्या बाजूला झुकलेले असतात, आणि तिथे मागच्या खुरांनी वाळू थोडी खरवडलेली असते, कारण घोडा तिथे मंदावून पुन्हा पुढे ढकलला गेला. तुम्ही गोल काढला होता असं तुम्हाला वाटत असतं. वाळूत अंड्याचा आकार उमटलेला असतो.

हे बघण्याचा फायदा असा की वाद उरत नाही. ‘मी तर सगळीकडे फिरलो’ म्हणणारा स्वारही गप्प होतो. शिवाय तो पट्टा रोज तुडवला गेला की तिथली जमीन एक तर दगडासारखी घट्ट होते किंवा चर पडून उतरती होते. उतरत्या चरात रोज त्याच बाजूने पाय टाकणं सांध्यांना आणि स्नायूबंधांना वाईट. तो चर दर सत्रानंतर भरून टाकायची सवय लावा.

उपाय: पुढचे काही दिवस कुंपणापासून दोन मीटर आत चाला. शिकाऊ ड्रेसाज (घोड्याला आकृत्यांवर शिस्तीत चालवण्याचा प्रकार) रिंगण साधारण 20 × 40 मीटरचं असतं. त्यात कुंपणापासून 5 मीटर आतली रेघ म्हणजे पाव-रेघ, आणि 10 मीटरवर मध्यरेघ. या दोन रेघांवर सरळ चालून बघा. घोडा डुलायला लागेल, कुंपणाकडे सरकायला लागेल. घाबरू नका. याचा अर्थ एवढाच की आजवर त्याला सरळ ठेवण्याचं काम कुंपण करत होतं. आता ते काम तुमच्या दोन पोटऱ्यांचं आहे. समोरच्या कुंपणावरचा एक खांब निवडा, त्यावर नजर ठेवा, दोन्ही पाय सारखे लावा आणि तिथे पोहोचा. एवढ्याने नव्या स्वाराला सत्रभर पुरेल इतकं काम मिळतं, आणि घोड्याचे कान फिरून मागे तुमच्याकडे यायला लागतात.

फाटक आणि उतरण्याची जागा

स्वतःला विचारा: तुम्ही रोज कुठे उतरता? कुठे थांबून गप्पा मारता? घोड्याला लगाम सैल कुठे मिळतो? उत्तर ‘फाटकापाशी’ असेल, तर घोड्याने अगदी बरोबर शिकलं आहे. फाटकापाशी आराम मिळतो, बाकी सगळीकडे काम. तो तिकडे ओढणारच.

हे उलटं करा. काम फाटकाच्या बाजूला करा: छोटी वळणं, ट्रॉट-वॉक-ट्रॉट असे बदल (वॉक म्हणजे साधी, सावकाश चाल). विश्रांती लांबच्या टोकाला द्या, लगाम सैल सोडून. उतरायचं ते मध्यरेघेवर किंवा लांबच्या टोकाला, आणि तिथेच तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) एक-दोन भोकं सैल करून घोडा हाताने बाहेर न्यायचा. रोज वेगळ्या जागी उतरलात तर आणखी बरं. दोन-तीन आठवड्यांत फाटकाची ओढ बरीच कमी होते. घोडा फाटकापाशी अडून बसला तर त्याला मारू नका. मारल्याने त्या जागेची भीती वाढते आणि ओढ तशीच राहते.

ठरावीक जागी आपोआप होणाऱ्या गोष्टींचं मूळही यातच असतं. माझ्याकडे एक तांबूस घोडी होती. रिंगणाच्या कडेला खुणेसाठी अक्षरं लावलेली असतात; ती ‘बी’ या अक्षरापाशी आली की स्वतःहून ट्रॉट धरायची. तिच्यावर बसणारा प्रत्येक शिकाऊ तिथेच ट्रॉट मागायचा, कारण बाहेरून सूचना तिथेच ऐकू यायची. आम्ही काही दिवस ‘बी’ वरून नुसतं वॉकने गेलो, कधी तिथे थांबलो, कधी तिथून आत वळलो. ती वाट बघायला शिकली. घोड्याने अंदाज बांधणं हे हुशारीचं लक्षण आहे; त्याला शिक्षा नको, जागा बदला.

वेळेचं गणित

सत्र किती लांब आहे? नव्या स्वाराचे पाय पस्तीस-चाळीस मिनिटांत थकतात आणि थकलेला स्वार लगामाला धरून तोल सांभाळायला लागतो. घोडाही नवा असेल, तर त्याचं लक्ष आणि त्याचे स्नायू त्याहून लवकर संपतात. तासभर रेटण्यापेक्षा अर्धा तास नेमकं काम केलेलं कितीतरी चांगलं.

मी साधारण असं बसवते: पहिली दहा मिनिटं वॉक, लांब लगामावर, दोन्ही दिशांनी, पण रेघा आणि वळणं घेत. पाच मिनिटांनी तंग पुन्हा तपासायचा, कारण घोडा चालायला लागला की तो सैल पडतो. मग तीन-चार मिनिटांचं एक काम, त्यानंतर एक-दीड मिनिट सैल लगाम. पुन्हा तीन-चार मिनिटांचं काम, दुसऱ्या दिशेने. अशी चार-पाच कामं झाली की पुरे. शेवटची दहा मिनिटं परत वॉक, श्वास शांत होईपर्यंत.

मधल्या त्या सैल लगामाला फार महत्त्व आहे. घोडा दाब सुटला की शिकतो. बरोबर उत्तरानंतर दोन-तीन सेकंदांत सूट मिळाली, तर त्याला कळतं की हेच हवं होतं. वीस मिनिटं सलग ट्रॉट केला आणि शेवटी थांबवलं, तर त्याच्या लेखी बरोबर-चूक काही राहत नाही. आणि एखादी गोष्ट चांगली जमली की तिथेच सोडा. ‘आणखी एकदा’ म्हणून पाचव्यांदा मागितलेलं बहुधा बिघडतं.

टाच: एकदा विचारा, मग स्पष्ट विचारा

प्रत्येक पावलाला टाच मारणारा स्वार घोड्याला एकच गोष्ट शिकवतो: हा ठोका महत्त्वाचा नाही. काही दिवसांनी पाय बधिर होतो, म्हणजे घोड्याची बाजू पायाला उत्तर देईनाशी होते. मग चाबूक येतो, मग खटके.

तपासणी अशी: वॉकमध्ये दोन्ही पाय अगदी शांत ठेवा, काहीच सांगू नका. घोडा किती पावलांत मंदावतो ते मोजा. मग पोटरीने हलकेच दाबा. एका सेकंदात उत्तर नाही आलं, तर लगेच एकदाच ठळकपणे मागा. टाचेने, किंवा पायाच्या मागे चाबकाच्या हलक्या स्पर्शाने. तो पुढे आला की पाय पुन्हा शांत, आणि हात मोकळा. पुढे आलेल्या घोड्याला लगामाने अडवलं, तर तुम्ही दोन उलट गोष्टी एकाच वेळी सांगता. पुन्हा हलकेच दाबून बघा. चार-पाच वेळांत हलका दाब पुरायला लागतो. हे वॉकमध्येच करा, ट्रॉटची घाई नको. नव्या स्वाराचा तोल पक्का नसेल, तर घोड्याच्या अनपेक्षित उसळीने तो मागे राहतो आणि लगाम ओढला जातो. म्हणून पहिल्या वेळी मानेवरचा पट्टा किंवा आयाळ धरून ठेवायला सांगते.

आकृत्या: इथे खरी गंमत आहे

बऱ्याच जणांना वाटतं, सत्र रंजक करायला सामान लागतं. लागत नाही. अक्षरं पुरतात. 20 × 40 च्या रिंगणात ती क्रमाने ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशी लावलेली असतात. ए आणि सी छोट्या बाजूंच्या मध्यावर, ई आणि बी लांब बाजूंच्या मध्यावर, बरोबर मध्यभागी न लिहिलेलं एक्स. के, एच, एम, एफ हे कोपऱ्यापासून 6 मीटरवर.

सुरुवात 20 मीटरच्या गोलाने करा, पण चार बिंदूंनी. ए पाशी काढलेला गोल ए ला शिवतो, एक्स ला शिवतो आणि दोन्ही लांब बाजूंना कोपऱ्यापासून 10 मीटरवर शिवतो, म्हणजे के आणि एफ यांच्या 4 मीटर पुढे. जवळजवळ प्रत्येक नवा स्वार के वरूनच जातो आणि कोपऱ्यात शिरतो. चारही बिंदूंवर एकेक कोन (खुणेचा शंकू) ठेवा आणि कोनापासून कोनापर्यंतची पावलं मोठ्याने मोजा. चारही भागांत पावलं सारखी आली पाहिजेत. पहिल्या वेळी ती कधीच सारखी येत नाहीत. कुठल्या भागात कमी भरली, तिथे घोडा आत पडला. कुठे जास्त भरली, तिथे बाहेर फुगला. मोठ्याने मोजण्याचा दुसरा फायदा असा की श्वास रोखता येत नाही. एवढ्या एका कामावर मी नव्या माणसाला दोन-तीन सत्रं सहज गुंतवून ठेवते, आणि एकालाही कंटाळलेलं पाहिलेलं नाही.

मग त्याच गोलावर बदल मागा. पहिल्या कोनापाशी ट्रॉट, तिसऱ्यापाशी वॉक, बरोबर सहा पावलं वॉक, पुन्हा ट्रॉट. पुढच्या वेळी जागा बदला. बदल जितके जास्त, तितका घोडा ऐकत राहतो. इथे वेग महत्त्वाचा नाही. पायाला उत्तर किती पावलांत आलं, तेच बघायचं.

त्यानंतर नागमोडी. तीन वेढ्यांची नागमोडी ए पासून सी पर्यंत काढायची, प्रत्येक वेळी मध्यरेघ ओलांडताना घोडा दोन-तीन पावलं सरळ. 40 मीटरच्या रिंगणात प्रत्येक वेढा जेमतेम 13 मीटरचा येतो. शिकाऊ घोड्याला हे ट्रॉटमध्ये जड जातं, म्हणून आधी वॉकने. ट्रॉटमध्ये उठबस करत असाल, तर बाहेरचा पुढचा खांदा पुढे जाताना उठायचं. मध्यरेघेवर दिशा बदलली की एक ठोका जास्त बसून बाजू बदलायची. हे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी एक युक्ती: दोन ठोके उभे, एक ठोका बसलेले. ट्रॉट दोन ठोक्यांचा आहे आणि तुमचं चक्र तीन ठोक्यांचं, म्हणून बाजू दर वेळी आपोआप बदलते. तोल तर सुधारतोच, शिवाय घोड्याची एकच बाजू सतत ओझं उचलत नाही.

थांबणं हाही खेळ होऊ शकतो. मध्यरेघेवरून या आणि तुमचा गुडघा एक्स वर येईल असे थांबा. चार सेकंद स्थिर, मग सरळ पुढे. अर्धा मीटर चुकलं तरी दिसतं. अक्षरांच्या चिठ्ठ्या करून खाली उभ्या असलेल्या माणसाने एकेक वाचली, तर पुढचा मार्ग स्वाराला ऐनवेळी ठरवावा लागतो आणि नजर आपोआप मानेवरून उठते. मुलांसाठी हे फार उपयोगी आहे.

एक बंधन पाळा. घोडा नवा असेल तर ट्रॉटमध्ये 15 मीटरपेक्षा लहान गोल नको, आणि कँटर (ट्रॉटपेक्षा वेगवान चाल) फक्त लांब बाजूवर किंवा 20 मीटरच्या गोलावर. लहान गोलात त्याचा तोल जातो, तो वेग वाढवून तोल सांभाळतो, आणि स्वाराला वाटतं तो पळाला.

जमिनीवरचे पोल

इथून थोडं सामान आणि एक मदतनीस लागतो. एकट्याने पोलांवर काम करू नका.

जड लाकडी पोल, साधारण तीन मीटर लांब, घरंगळणार नाही असा टेकवलेला. सुरुवात एकाच पोलाने, वॉकमध्ये, मधोमध, नजर पलीकडच्या कुंपणावर. घोडा डोकं खाली करून बघेल, वास घेईल. घेऊ द्या. त्याला नाकासमोर अगदी जवळचं नीट दिसत नाही, म्हणून मानेची मोकळीक हवी. इथे लगाम आखडणारा स्वार घोड्याला अडखळायलाच लावतो.

एक जमला की तीन. दोन ठेवू नका, कारण शिकाऊ घोडा दोन पोलांकडे एकच रुंद अडथळा म्हणून बघून उडी घेण्याचा संभव असतो. अंतर वॉकसाठी 80 ते 90 सेंटिमीटर, ट्रॉटसाठी 1.2 ते 1.4 मीटर, तट्टू असेल तर कमी. आकड्यापेक्षा ठसे बघा: खूर दोन पोलांच्या मधोमध पडला पाहिजे. पोलाला लागून पडत असेल तर अंतर चुकलं आहे, आणि ते खाली उभ्या माणसानेच बदलायचं. उडीचे स्टँड जवळ असतील तर त्यांवरचे पोल टेकवायचे रिकामे कप काढून ठेवा. पडणाऱ्या माणसाला त्यांची कड भयंकर लागते.

पोलांमुळे घोडा पाय उचलतो, पाठ वापरतो आणि पाऊल टाकताना विचार करतो. म्हणूनच त्याने तो लवकर थकतो. एका सत्रात आठ-दहा वेळा ओलांडणं शिकाऊ घोड्याला भरपूर झालं.

रिंगणाबाहेर

आठवड्यातले सगळे दिवस रिंगणातच जात असतील, तर हीच तुमची तक्रार असू शकते. एक दिवस हाताने धरून चालवा: थांब, मागे, पोलावरून, कोनांमधून. एक दिवस अनुभवी घोडा आणि अनुभवी स्वार सोबत घेऊन बाहेर वॉकने. घोडा दिवसातले किती तास तबेल्यात बंद असतो, हेही बघा. दिवसभर उभा राहिलेला घोडा रिंगणात एक तर उसळतो किंवा मिटून जातो, आणि दोन्हींवर उपाय मोकळं फिरणं हाच आहे.

खोगीर, तंग, लगाम

वरचं सगळं करून तीन-चार आठवड्यांत फरक नसेल, तर सामानाकडे वळा. खोगीर काढल्यावर घामाचा ठसा बघा. दोन्ही बाजू सारख्या ओल्या हव्यात. घामेजलेल्या पाठीवर मध्येच कोरडा ठिपका असेल, तर तिथे दाब जास्त पडतो आहे. जुन्या दाबाच्या जागी पांढरे केस उगवतात. स्वार बसलेला असताना खोगिराच्या पुढच्या कमानीखाली, खांद्यावरच्या उंचवट्यावर, दोन-तीन बोटांची जागा राहिली पाहिजे. खोगीर फार पुढे ठेवलं की खांद्याचं हाड मोकळं फिरत नाही, आणि पाऊल आखूड होतं. पाय ओढणाऱ्या पुष्कळ घोड्यांचं कारण मला इथे सापडलं आहे.

स्वाराचं वजनही बघा. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांच्या आत ठेवावं, असा सर्वसाधारण दंडक आहे. शिकाऊ किंवा अशक्त घोड्यासाठी त्याहून कमीच धरा. रिकिबी मोजताना पाय सैल सोडा. पट्टी घोट्याच्या हाडाशी आली तर लांबी ठीक आहे. फार लांब रिकिबीत स्वार बोटांनी आधार शोधत बसतो आणि त्याच्या टाचा वर येतात.

बसत नसलेल्या खोगिराखाली घड्या घालून जाड पॅड भरणं हा उपाय नाही. खोगीर बसवणाऱ्या जाणकाराला बोलवा.

स्वाराचं बसणं

लंजवरचा धडा हा माझ्या मते नव्या स्वारासाठी पैशाचा सगळ्यात चांगला वापर आहे. प्रशिक्षकाच्या हातात लांब दोरी, घोडा 15 ते 20 मीटरच्या गोलावर, स्वाराच्या हातात लगाम नाही. तोल लगामाविना सांभाळायची सवय लागली की घोड्याच्या तोंडावरचा सततचा खेच थांबतो, आणि जो घोडा ‘पुढे येत नाही’ म्हणून बदनाम होता तो पुढे यायला लागतो. वीस मिनिटं पुरतात, दोन्ही दिशा सारख्या. यासाठी लंजवर शांत चालणारा, अनुभवी घोडाच हवा. मित्राने दोरी धरून हे करू नये.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पुढीलपैकी काही दिसलं, तर घरगुती उपाय तिथेच बंद करा.

घोडा मागच्या पायांवर उभा राहतो, मुद्दाम कुंपणावर घासतो किंवा स्वाराला पाडण्याइतकं उसळतो: त्याच क्षणी उतरा. आधी पशुवैद्य, मग प्रशिक्षक. हा क्रम उलटा करू नका.

स्वार नवा आणि घोडाही नवा: या जोडीला सुरुवातीपासूनच प्रशिक्षक लागतो. दोघांपैकी एकाला तरी उत्तर माहीत असावं लागतं. आठवड्यातून एक-दोनदा अनुभवी स्वाराने त्या घोड्यावर बसावं, आणि नव्या स्वाराने आपले धडे जुन्या, समजूतदार घोड्यावर घ्यावेत. आर्थिक ओढाताण असली तरी इथे काटकसर करू नका.

तंग कसताना चावायला येणं, पोट आखडणं, खाणं कमी होणं, अंगावरची चमक जाणं: जठरातल्या व्रणांची शंका घ्या आणि पशुवैद्याला सांगा. घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं; उपाशी पोटी काम करवलं की ते वरच्या नाजूक भागावर उसळतं. स्वारीपूर्वी थोडं वाळलेलं गवत देणं चांगलं, पण झालेल्या व्रणावर तो इलाज नाही.

लंगडणं, एका पायात उष्णता, वारंवार अडखळणं, मागच्या खुराची बोटं घासत जाणं, जीभ बाहेर काढणं, तोंड सतत उघडं ठेवणं, कान पाच-पाच सेकंद मागे पडून राहणं. ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वारीखालच्या घोड्याच्या अशा 24 वर्तनांची यादी केली आहे. त्यांतली 8 किंवा अधिक दिसली, तर स्नायू-सांध्यांचं दुखणं असण्याची शक्यता बरीच वाढते. ‘खोडसाळ’ ठरवलेल्या घोड्यांसाठी ही यादी फार मोलाची आहे.

नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी, दातांची तपासणी वर्षातून किमान एकदा. या तारखा उलटून गेल्या असतील, तर आधी त्या पूर्ण करा. मग वागण्याबद्दल बोलू.

पशुवैद्य येण्याआधी तीन गोष्टी हाताशी ठेवा: दोन्ही दिशांनी वॉक आणि ट्रॉटचा बाजूने काढलेला व्हिडिओ, तक्रार केव्हा सुरू झाली आणि त्या सुमारास काय बदललं होतं (नाल, खोगीर, चारा, स्वार), आणि कुठल्या दिशेला त्रास जास्त दिसतो. पशुवैद्याचा निर्णय होईपर्यंत खोगीर खुंटीवरच राहू द्या; तोवर हाताने चालवायचं की पूर्ण विश्रांती द्यायची, हे त्यांनाच विचारा.